मी पाहुण्यांना घाबरत नाही

“मी भित्रा नाही, सावध आहे,” हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की घरात आता ते कोणी ऐकत नाही. मी विमा कंपनीत आहे, आणि तेही दाव्यांच्या टेबलावर. म्हणजे माणसाचं जे काही व्हायचं असतं ते होऊन गेलं की त्याचे कागद माझ्यासमोर येतात. कोणी पंखा पुसताना स्टुलावरून पडलेला असतो, कोणी मोबाइलमध्ये डोकं घालून चालता चालता खड्ड्यात गेलेला असतो. एक गृहस्थ तर आपल्या पलंगावर शांत झोपले होते आणि कपाटावरची बॅग त्यांच्यावर आली. हे रोज वाचणारा माणूस कपाटावर बॅग ठेवत नाही. याला मी सावधपणा म्हणतो. माझी बायको दुसरा शब्द वापरते.

बायको पोहण्याच्या तलावावर शिकवते. नाकातोंडात पाणी गेलेल्या लोकांना काठावरून “काही होत नाही, काही होत नाही!” असं ओरडून सांगणं हा तिचा व्यवसाय, आणि जे झालं ते निस्तरणं हा माझा. तरी आमचं बरं चाललंय.

आमच्या बरोबर डोक्यावरच्या घरात बाई राहतात. एकट्याच. एका व्यापारी कचेरीत चिनी कागदपत्रांची भाषांतरं करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. पंप, पंपांचे सुटे भाग, पंप बिघडल्यास काय करावे. निवृत्त झाल्यावर माणसाने जरा गप्प बसावं, चार झाडं लावावीत. पण बाईंनी एक जाडजूड चिनी विज्ञान-कादंबरी मराठीत आणायला घेतली. “जन्मभर पंप केले,” त्या म्हणाल्या, “आता परग्रहावरची माणसं करते.”

या कामासाठी त्यांना एक वाचक हवा होता आणि त्यांनी मला निवडलं. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, “तुम्ही विम्यात आहात ना? म्हणजे कशावरही चटकन विश्वास न ठेवणारे. मला असाच माणूस हवा होता. तुम्ही घाबरलात तर जग घाबरेल.” आता इतक्या आदराने कोणी बोललं की नाही म्हणवत नाही. कार्यालयात मला कोणी आदराने काही सांगत नाही. मी म्हटलं, “द्या की. पण सांगून ठेवतो, मी अशा गोष्टींना घाबरत नाही.”

बाईंचे गुडघे गेलेले. त्यामुळे लिहून झालेलं प्रकरण त्या कापडी पिशवीत घालायच्या आणि दोरीने आमच्या गॅलरीत सोडायच्या. पिशवी येऊन आमच्या कुंडीवर टेकली की मी कागद काढून घ्यायचे, दोरीला एक हिसका द्यायचा, आणि पिशवी वर जायची. वाचून झालं की गॅलरीतून मान वर करून अभिप्राय. बाईंचा प्रश्न ठरलेला: “कुठे भीती वाटली?”

आता थोडं त्या कादंबरीविषयी सांगायला हवं. दूर कुठल्याशा उंच पठारावर एक मिठाचं सरोवर असतं. तिथल्या गोदामात मिठाची पोती तोलणारा एक साधा माणूस असतो. एक दिवस त्याच्या लक्षात येतं की पोती तीच, तराजू तोच, पण मिठाचं वजन रोज थोडं थोडं कमी भरतंय. गोदामाचा साहेब त्याला चोर ठरवतो. आणि मग एका संध्याकाळी आभाळात, नेमकं त्याच्या डोक्यावर, काहीतरी जड ओढल्याचा आवाज येतो. बस. यान नाही, हिरवी तोंडं नाहीत, डोळे दिपवणारा उजेड नाही. नुसता आवाज. जे आलेत त्यांना बाईंनी शब्द वापरला होता ‘पाहुणे’. मी वाचता वाचता दचकलो. पाहुणे येणार म्हटल्यावर पोटात गोळा येणारा मी काही पहिला गृहस्थ नव्हे, पण हे पाहुणे येऊन चहा पिऊन जाणाऱ्यांतले नव्हते. ते आधी ऐकू येत होते, मग जवळ येत होते, आणि कशासाठी येतायत हे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिलं प्रकरण वाचून झालं. स्वयंपाकघरात जाऊन मी मिठाची बरणी उचलून पाहिली. हलकी लागली.

“बरणी हलकी आहे कारण मीठ संपत आलंय,” बायको म्हणाली. “मी केव्हाची सांगतेय आणायला.”

गॅलरीतून बाईंनी विचारलं, “काय, वाटली भीती?”

“छे!” मी म्हटलं. “छान आहे.”

बाईंचा चेहरा पडला. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, ऊन लागतंय डोळ्यांवर.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी आरामखुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. बायको तलावावरून यायची होती. आणि छतातून आवाज आला. खर्रर्र. काहीतरी जड, या भिंतीपासून त्या भिंतीकडे ओढत नेल्यासारखा. मध्येच थांबला. माझा पेपर थांबला. मग पुन्हा खर्रर्र. नेमका माझ्या डोक्यावर येऊन राहिला.

तुम्ही म्हणाल, वर बाई राहतात, त्यांनी काहीतरी सरकवलं असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण बाईंना तुम्ही पाहिलेलं नाही. वजन चिमणीएवढं, पायात सुती मोजे. इतक्या वर्षांत वरून पाऊल वाजलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. ज्या बाईंना पाण्याची बाटली उचलायला दोन्ही हात लागतात, त्या असं काय ओढणार? आणि समजा त्यांनी नाही ओढलं, तर कोणी ओढलं? या दुसऱ्या प्रश्नाशी आलो आणि मी घरातले सगळे दिवे लावले.

दुसऱ्या दिवशी पिशवी उतरली. दुसरं प्रकरण. त्यात लिहिलं होतं की आवाज तोलणाऱ्याच्या घरावर आला, भिंतीपासून भिंतीकडे गेला, मध्येच थांबला, आणि नेमका त्याच्या डोक्यावर येऊन राहिला.

काल मी कानाने ऐकलेलं आज कागदावर! मागून लिहिलेलं असतं तर एक वेळ समजलो असतो. पण ही कादंबरी कुठल्याशा देशातल्या माणसाने केव्हाची लिहून ठेवलेली. त्याला माझं घर कसं ठाऊक?

“घाबरलात?” वरून बाई.

“छे हो!” मी म्हटलं, आणि आवाज फुटू नये म्हणून खोकलो. “उलट मजा वाटली.”

“मजा?” बाई कठड्यावर वाकून बघतच राहिल्या. “बरं. बघते मी पुढच्या वेळी.”

हे असं चालू राहिलं. एका संध्याकाळी छतात काहीतरी गोल घरंगळलं आणि भिंतीला न आपटता मधोमध थांबलं. दोन दिवसांनी ते तिसऱ्या प्रकरणात आलं. मग कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं झालं. तेही आलं. मी प्रत्येक वेळी “छे” म्हणत गेलो, आणि गंमत अशी की मी जितक्या जोरात “छे” म्हणावं तितका पुढचा आवाज मोठा यायचा. रात्री मी पलंगावर बायकोच्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो.

शेवटी मी बायकोला सांगितलं. पाहुण्यांचं नाही, नुसतं आवाजाचं. ती म्हणाली, “काही होत नाही. नळात हवा असेल. प्लंबरला बोलवा.”

प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, “हवा आहे.” न्हाणीघरातल्या फरश्या फोडून त्याने पाइप उघडा केला, त्यातून हवा नाही पण पाणी भरपूर निघालं. ते खालच्या मजल्यावर गेलं. खालच्या मजल्यावर आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष राहतात.

अध्यक्ष हे निवृत्त गोदामाधिकारी. इमारतीलाही ते गोदामच समजतात; कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, सगळ्याची नोंद. ते टॉवेल गुंडाळून, डोक्यावर बादली धरून वर आले, आणि मी घाबरत घाबरत आवाजाचं कारण सांगितल्यावर मात्र बादली खाली ठेवून कामाला लागले.

“आवाज सामाईक की खाजगी?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तुमच्या घरात झाला तर खाजगी. वरच्यांच्या घरात झाला तर त्यांचा खाजगी. पण छत हे दोघांच्या मध्ये. छत समितीचं. आवाज छतात होत असेल तर तो समितीचा आवाज झाला, आणि समितीच्या आवाजाबद्दल तुम्ही परस्पर प्लंबर कसा बोलावला?”

त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्जात आवाजाचं वर्णन हवं म्हणाले. मी लिहिलं, ‘खर्रर्र’. त्यांनी ते खोडलं आणि ‘आक्षेपार्ह ध्वनी’ असं केलं.

समोरच्या घरात दंतवैद्य राहतात. भला माणूस, पण त्यांना जगातली सगळी दुखणी दातांतून निघताना दिसतात. त्यांनी मला दारातच तोंड उघडायला लावलं. “तुम्ही झोपेत दात खाता,” ते म्हणाले. “आवाज छतात नाही, जबड्यात आहे. कवटी पोकळ असते, तिच्यात घुमतो.” आणि त्यांनी मला दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी करून दिली. ती घातली की मला ‘स’ म्हणता येईना. संध्याकाळी पट्टी घालून बसलो असताना वर पुन्हा घरंगळलं. दात गप्प होते. म्हणजे एवढं तरी सिद्ध झालं की पाहुणे माझ्या तोंडात नव्हते.

पोलीस चौकीत मी स्वतःहून गेलो, हे मी आजवर बायकोला सांगितलेलं नाही. पट्टी काढायची राहून गेली होती. टेबलामागच्या हवालदाराने शांतपणे सगळं ऐकलं.

“म्हणजे घरात कोणीतरी शिरलंय?”

“अजून नाही.”

“मग?”

“येणार आहेत.”

“कोण?”

आता काय सांगणार? मी म्हटलं, “पाहुणे.”

हवालदाराने पेन बंद केलं. “पाहुणे आले आणि जात नसले तर या,” तो म्हणाला. “तशा तक्रारी आम्ही घेतो.”

अशा रीतीने सर्व सनदशीर मार्ग संपल्यावर समितीने स्थळपाहणी ठरवली. संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत अध्यक्ष, दंतवैद्य, प्लंबर, बायको आणि मी असे सगळे माना वर करून उभे राहिलो. मान वर केली की तोंड आपोआप उघडतं. दंतवैद्य मध्येच अध्यक्षांच्या दाढेकडे बघायला लागले. बाहेर कुठेतरी एक स्कूटर सुरू होत नव्हती.

आणि आलं. खर्रर्र. मग घरंगळलं. मग थांबलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, आणि प्रथमच त्यांच्या डोळ्यांत मला माझ्याविषयी आदर दिसला. मग तो लांब श्वास. प्लंबर पुटपुटला, “ही हवा नाही.”

आणि त्यानंतर छतातून हाक आली. स्पष्ट. बायकी. “अहो, ऐकलंत का? दार उघडा ना!”

तो माझ्या बायकोचा आवाज होता. आणि माझी बायको माझ्या शेजारी तोंड मिटून उभी होती.

मी बायकोचा दंड धरला, पण हीच खरी की वरची खरी, असा विचार मनात आल्यावर सोडला. अध्यक्ष दाराशी पोहोचलेही होते. दंतवैद्य सोफ्याच्या मागे काही पडलंय का ते बघत होते.

“अरे, हा माझा आवाज!” बायको म्हणाली, आणि तरातरा जिना चढून गेली. नाइलाजाने मागून आम्ही.

बाईंनी दार उघडलं. मागे जमिनीवर एक ट्रंक होती, तिच्या कडीला दोरी बांधलेली. बाजूला त्यांच्या दिवंगत यजमानांचं व्यायामाचं लोखंडी डंबेल, आणि सायकलला हवा भरायचा पंप. शेवटी पंप सुटला नव्हताच त्यांना. सगळीकडे कागद.

“आवाज येतो होय खाली?” बाईंनी तोंडावर हात नेला. मग त्यांनी सांगितलं. चिनी पुस्तकात प्रत्येक आवाजाला नेमका शब्द होता. तो मराठीत कोणता, हे नुसतं बसून कसं कळणार? म्हणून प्रकरण लिहिण्याआधी त्या तो आवाज स्वतः करून ऐकायच्या. घरंगळलं म्हणावं की गडगडलं, ओढलं की फरपटलं. कान देईल तो शब्द लिहायचा. “आणि पाहुणे घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतात ना, तिथे मला एक बायको हवी होती. मला स्वतःला कोणाला अशी हाक मारून फार वर्षं झाली.” त्या माझ्या बायकोकडे वळल्या. “तुमची घेतली. न विचारता. रागावू नका.”

बायको रागावली तर नाहीच, वर “पुन्हा एकदा करून दाखवा ना” म्हणाली. प्लंबर हसायला लागला. मग दंतवैद्य. अध्यक्ष सगळ्यात मोठ्याने, कारण दाराकडे सगळ्यात आधी तेच पळाले होते. चारचौघांत माझं असं हसं याआधी कधी झालं नव्हतं.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू, मोठ्या आशेने विचारलं, “खरं सांगा. घाबरला होतात?”

आता सांगायला काय हरकत होती? पण सगळे बघत होते. प्लंबरसुद्धा. मी ताठ उभा राहिलो. “मी? छे! मी केवळ इमारतीच्या सुरक्षिततेसाठी—”

“नाही वाटली भीती,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “एवढं करूनही नाही.” त्यांनी ट्रंकेवरचे कागद गोळा करायला घेतले. “चाळीस वर्षं पंपच केले ना. हात तसाच पडलाय. कोणाच्या अंगावर काटा येईल असं काही माझ्याकडून व्हायचं नाही बहुतेक. एकच प्रकरण राहिलंय. त्यात नाही जमलं तर बंद करून टाकते सगळं.”

बायकोने जिन्यात माझ्याकडे पाहिलं. “सांगितलं असतंत तर काय झालं असतं?”

“काही होत नाही,” मी म्हटलं.

त्यानंतर इमारतीत माझं नाव पाहुणे पडलं. लिफ्टचं दार धरून लोक म्हणायचे, “या पाहुणे.” अध्यक्षांनी फलकावर सूचना लावली की साहित्यिक कारणांसाठी कोणीही ट्रंक ओढू नये. आणि वरून आवाज येणं थांबलं. कसलाच नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या शांततेत मी आधीपेक्षा जास्त दचकत होतो.

एका सुट्टीच्या दिवशी बायको तलावावर गेलेली असताना पिशवी उतरली. शेवटचं प्रकरण. बाई बोलल्या नाहीत, कठड्यावर वाकल्याही नाहीत. मी वाचायला बसलो.

त्या प्रकरणात काहीच होत नाही. पाहुणे आलेले असतात; आले की आवाज बंद होतो, हीच त्यांची खूण. तोलणारा घरात बसून असतो. वारा नाही, कुत्रं नाही, घड्याळ नाही. पानंच्या पानं नुसती शांतता, आणि ती बाईंनी अशी लिहिली होती की मी पान उलटताना कागद वाजू नये म्हणून जपत होतो. ज्याने ज्याने हाक ऐकून दार उघडलं तो पुन्हा कोणाला दिसला नव्हता. आता तोलणाऱ्याच्या दारापाशी कोणीतरी उभं आहे, हे त्याला कळतं. कशावरून, ते सांगता येत नाही. मलाही कळलं. मी आमच्या दाराची कडी बघून आलो.

आणि छतात काहीतरी पडलं. धप्प.

मी वर पाहिलं. मग मनाला समजावलं, बाई असणार. चाललं असेल त्यांचं. मी पुन्हा कागदात तोंड घातलं, आणि तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. या प्रकरणात आवाजच नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही नाही. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. नाही. जगात हे पुस्तक मराठीत वाचलेला मी एकटा माणूस, आणि मला एकट्यालाच कळू शकत होतं की जे पडलं ते पुस्तकातलं नाही.

वर अगदी हळू टकटक झाली. थांबली.

मी अध्यक्षांना फोन केला. “पुन्हा?” ते म्हणाले. “अहो पाहुणे, किती हसं करून घ्याल?” आणि ठेवला. दंतवैद्यांनी दार उघडून मी काही बोलायच्या आत विचारलं, “पट्टी घालताय ना नियमित?”

मी जिन्यात उभा राहिलो. बाईंच्या घराची जादा किल्ली आमच्या फ्रिजवर असते, ती हातात होती. आता खरं काय ते सांगतो. मला दोन भीती वाटत होत्या. एक, बाई ठीक असतील, दार उघडतील, आणि उद्या लिफ्टमध्ये माझं काय होईल. आणि दुसरी, ती आपली तीच, शहाण्या माणसाने कोणाला सांगू नये अशी. पण या दोन्हींच्या खाली तिसरी एक होती. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत एक वाक्य फार वेळा असतं. ‘शेजाऱ्यांनी आवाज ऐकला होता.’ मी ते वाचतो, शिक्का मारतो, पुढचा कागद घेतो. ते शेजारी कोण असतील याचा मी कधी विचार केला नव्हता. कोण असणार! किल्ली हातात धरून जिन्यात उभे राहिलेले माझ्यासारखे सावध लोक.

मी जिना चढलो. दारापाशी पोहोचलो. आत पूर्ण शांतता. पुस्तकात होती तशीच. आणि मग आतून हाक आली, अगदी बारीक, घोगरी, कोणाची म्हणून ओळखू न येणारी. “अहो... दार उघडा.”

आई गं! माझ्या हातातून किल्ली पडली. ती वाजली त्याने मी आणखी दचकलो. उचलली. भोकात घालताना तीन-चारदा चुकली. डोळे घट्ट मिटून घेतले आणि दार ढकललं.

बाई जमिनीवर होत्या. शेजारी स्टूल आडवं पडलेलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या कुशीत, आणि एक पाय असा वळलेला की तो बघूनच मला खुब्याच्या कप्प्यातली सगळी प्रकरणं आठवली.

“हलू नका!” मी ओरडलो. “अजिबात हलू नका!” रुग्णवाहिकेला फोन केला. पत्ता सांगताना मजला चुकलो, पुन्हा सांगितला. त्यांच्या डोक्याखाली कागदांचा गठ्ठा होता, तो तसाच राहू दिला. त्यांचा हात धरून जमिनीवर बसलो. हात बर्फासारखा होता. “कशाला चढलात हो स्टुलावर? या गुडघ्यांनी?”

“घड्याळ बंद करायचं होतं,” बाई थांबत थांबत म्हणाल्या. “पूर्ण शांतता कशी असते ते ऐकायचं होतं. पाठवून दिलं प्रकरण, पण मनात आलं, कुठेतरी राहिलंय. तुम्ही परत छे म्हणाल.”

ही बाई माझ्या एका ‘छे’साठी स्टुलावर चढली होती.

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, गेल्या. मग त्यांनी ते उघडले. “खाली कसा आला आवाज? नीट आठवून सांगा.”

“बाई, आता ते—”

“सांगा हो.”

“धप्प,” मी म्हटलं. “धप्प, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही जास्त वाईट होतं.”

त्यांनी हुंकार दिला. वेदनेने ओठ पांढरे झाले होते, तरी ठरलेला प्रश्न आलाच. “भीती वाटली?”

माझ्या तोंडात सवयीने ‘छ’ आलाही होता. तो मी गिळला.

“बाई,” मी म्हटलं, “पहिल्या पानापासून वाटतेय. मी मिठाची बरणी तोलून बघितली. मी पोलिसांकडे जाऊन आलो. मी बायकोच्या जागेवर झोपतो, भिंतीकडे. आता हे शेवटचं वाचताना मी पान उलटायला घाबरत होतो, आणि तुमचं दार उघडताना मला वाटलं की संपलं सगळं. माझे पाय बघा. अजून थांबलेले नाहीत.”

बाईंनी मान वळवून माझे पाय पाहिले. ते खरोखरच थरथरत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते खुब्याचं नव्हतं. “कुठल्या ओळीला?” त्यांनी विचारलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांना एकेक ओळ सांगत राहिलो. मला पाठ होत्या. अशा गोष्टी विसरता येत नाहीत.

स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत गेली. दंतवैद्य होते, इस्त्रीवाला होता. ओल्या केसांनी बायको धावत वर येत होती. अध्यक्ष मध्येच उभे राहिले. “काय झालं? काय झालं? काय आवाज होता?”

बाईंनी स्ट्रेचरवरून मान उचलली. चेहरा दुखण्याने पिळवटलेला होता, पण त्यावर असा आनंद मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “हे घाबरले! पहिल्या पानापासून घाबरले!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी स्ट्रेचरची एक बाजू धरलेली होती, त्यामुळे कुठे जाता येत नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. मग मागच्या दारांपर्यंत पोहोचावं म्हणून जरा मोठ्याने म्हटलं, “फार.”